हिरवा सदरा आणि हिवाळ्यातल्या गप्पा

क्रिकेटला आता विश्रांतीचा मोसम असा उरलेला नाही. एक मालिका संपते न संपते तोच दुसरीची नाणेफेक झालेली असते. आमच्या घराने ज्या खेळाशी नाते जोडले त्या बेसबॉलचे तसे नाही. मार्चच्या अखेरीस तो सुरू होतो, सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, ऑक्टोबरमध्ये बाद फेऱ्या आणि वर्ल्ड सिरीज. नोव्हेंबर लागला की मैदानांना कुलूप. मग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चेंडू दृष्टीस पडत नाही. पण खरे सांगायचे तर खेळाची अर्धी गोडी या रिकाम्या महिन्यांतच आहे. कोण कोणत्या संघात गेला, कोणाला किती पैसे मिळाले, जुन्यांपैकी कोण मोठा होता, यंदाचा नवा सदरा कसा दिसतो, या गप्पांना अमेरिकेत 'तापलेली शेगडी' असे जुने नाव आहे. थंडीच्या दिवसांत गावच्या दुकानात शेगडीभोवती माणसे जमत आणि खेळाची उजळणी करत, त्यावरून ते पडले.

आमच्याकडे शेगडी नाही, चहाचे पातेले आहे. आमचे घर कॅलिफोर्नियात, ओकलंड शहराच्या दक्षिणेला हेवर्डमध्ये. मूळ गाव दापोली तालुक्यातले. चाचांची मुले आणि त्यांच्या भावाची मुले असे आम्ही एकाच गल्लीत दोन घरे करून राहतो. शुक्रवारी इशाची नमाज झाली की सगळे चाचींच्या बैठकीत जमतात. फुफू येतात, पोरे येतात, आणि चाचांबरोबर कारखान्यात काम केलेले एक शेजारी येतात. ते कृष्णवर्णीय गृहस्थ जन्माने ओकलंडचे. आम्हा सर्वांचे तेही चाचाच. गप्पा मराठीत सुरू होतात, भांडण लागले की उर्दूत जातात आणि आकडे आले की इंग्रजीत. शेजारचे चाचा तिन्ही भाषांत मान डोलावतात आणि नेमक्या जागी हसतात.

पैशाच्या बातम्या सगळ्यांत आधी निघतात. २०२४ च्या डिसेंबरात हुआन सोतो या खेळाडूने न्यूयॉर्क मेट्स संघाशी १५ वर्षांचा करार केला, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा. रुपयांत साडेसहा हजार कोटींच्या घरात. आमच्यातल्या एका पोराने लगेच अडीच टक्क्यांनी जकात काढली : एक कोटी एक्याण्णव लाख डॉलर! फुफूंनी त्याला तिथेच थांबवले. "हातात आलेल्या आणि वर्षभर राहिलेल्या पैशावर जकात असते, बाळा. करारावर नसते." त्यावरून आदल्या वर्षीच्या शोहेई ओतानीचा विषय निघाला. त्याचा करार ७० कोटी डॉलरचा, पण त्यातले ६८ कोटी त्याने दहा वर्षांचा करार संपल्यानंतर घ्यायचे ठरवले. चाची म्हणाल्या, "म्हणजे तोही आपल्यासारखाच, पगार झाला तरी हातात काही नाही."

असा कोट्यवधींचा विषय निघाला की चाचा दर हिवाळ्यात एकच गोष्ट सांगत. पूर्वी बेसबॉलचा खेळाडू एका संघाला जन्माचा बांधलेला असे. मालक ठेवील तिथे राहायचे, विकील तिथे जायचे. ओकलंडच्या 'अ‍ॅथलेटिक्स' संघात जिम हंटर नावाचा पिचर होता, त्याला लोक 'कॅटफिश' म्हणत. पगाराचा अर्धा भाग विम्याच्या खात्यात भरायचा, असे त्याच्या करारात होते. तो भरला गेला नाही. वाद लवादापुढे गेला आणि १९७४ च्या डिसेंबरात निकाल लागला, की करार मोडला आहे, खेळाडू मोकळा आहे. ३१ डिसेंबरला त्याने न्यूयॉर्क यांकीजशी नवा करार केला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका निवाड्याने बाकीच्या खेळाडूंचीही वाट मोकळी झाली. आज हिवाळ्यात जी उलाढाल चालते तिची सुरुवात तिथली. चाचा कारखान्यात युनियनचे सभासद होते. ही गोष्ट ते खेळाची म्हणून सांगत नसत. "कागदावर लिहिलेला मजुरीचा पैसा वेळेवर द्यावा," एवढे बोलून ते कप खाली ठेवत.

चाचा मूळचे बोटीवरचे. कोकणातल्या खाडीकाठच्या घरांत एखादा मुलगा बोटीवर नसेल तर लोक आश्चर्य करतात. ते फिरत फिरत ओकलंड बंदरात आले, रीतसर कागद करून तिथेच राहिले आणि वर्कशॉपमध्ये लागले. सत्तरच्या दशकाचा आरंभ होता. गावात ओळखीचे कोणी नाही, आणि संघ असा की १९७२, ७३ आणि ७४ अशी लागोपाठ तीन वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकणारा. चाचांनी इंग्रजी शिकली ती रेडिओवरच्या समालोचनातून. बिल किंग नावाचा समालोचक १९८१ पासून २००५ पर्यंत या संघाचा आवाज होता. चाचांचे काही उच्चार शेवटपर्यंत त्याच्यासारखे होते आणि बाकीचे दापोलीचे.

आता पोशाखाविषयी, कारण आमच्या बैठकीत खेळाइतकीच भांडणे कपड्यांवर होतात. बेसबॉलची जुनी रीत अशी की घरच्या मैदानावर पांढरा पोशाख आणि परगावी राखाडी. परगावच्या सदऱ्यावर छातीवर आपल्या गावाचे नाव. पाठीवर आकडे टाकण्याची नियमित पद्धत १९२९ मध्ये सुरू झाली आणि खेळाडूचे नाव १९६० पासून. यांकीज आजही नाव टाकत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की ओळखायचे तर खेळावरून ओळखा. सुरुवातीला हे कपडे लोकरीचे असत. ऐन उन्हाळ्यात लोकर घालून धावायचे! अ‍ॅथलेटिक्सचे कॉनी मॅक १९०१ पासून १९५० पर्यंत, पन्नास वर्षे संघाचे व्यवस्थापक होते आणि ते मैदानाकाठी खेळाचा पोशाख न घालता सूट-टाय घालून बसत. चाचींना हा माणूस फार आवडतो.

पांढऱ्या आणि राखाडी रंगांच्या या दुनियेत १९६३ मध्ये अ‍ॅथलेटिक्सने हिरवा आणि सोनेरी रंग आणला. संघ तेव्हा कॅन्सस सिटीत होता. १९६७ मध्ये सगळ्यांच्या काळ्या बुटांत यांचे पांढरे बूट आले. लोक हसले. १९७२ मध्ये मालकाने जाहीर केले, की जो मिशी वाढवील त्याला ३०० डॉलर. संघाने मिशा वाढवल्या आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. शेजारचे चाचा सांगतात, की त्या काळी ओकलंडच्या निम्म्या तरुणांना मिशा होत्या आणि त्यांना तीनशे डॉलर कोणी दिले नाहीत.

चाचांचा हिरवा सदरा या साऱ्या इतिहासातला आमचा वाटा. १९८९ मध्ये त्यांनी तो मैदानाबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतला. छातीवर पांढऱ्या अक्षरांत 'ओकलंड' आणि बाहीवर हत्ती. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये ओकलंड आणि खाडीपलीकडचे सॅन फ्रान्सिस्को समोरासमोर होते. १७ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी, तिसरा सामना सुरू होण्याच्या जरा आधी, भूकंप झाला. ६.९ तीव्रतेचा. पूल आणि रस्ते कोसळले, माणसे गेली. बातमी गावी पोहोचली, फोन लागेना. शेवटी चाचांनी आपला फोटो पत्रात घालून पाठवला, खुशाली कळावी म्हणून. अंगात तो हिरवा सदरा. दादीने तो फोटो अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला. पोरगा अमेरिकेत राहूनही हिरवा सदरा घालतो, याचे तिला कोण कौतुक! फक्त बाहीवरच्या हत्तीने ती बुचकळ्यात पडली. हत्ती म्हटले की तिला सूरह फील आठवायची. "हत्तीवाले तर मक्केवर चालून आले होते, यांच्या बाजूने आपला मुलगा कसा?" असे तिने पत्रात विचारायला लावले.

चाचांनी उत्तरात सविस्तर खुलासा केला. संघ तेव्हा फिलाडेल्फियात होता. १९०२ मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे जॉन मॅकग्रॉ यांनी त्याला 'पांढरा हत्ती' म्हणून हिणवले. म्हणजे पोसायला महाग आणि कामाला शून्य. कॉनी मॅक यांनी तोच हत्ती आपले चिन्ह करून टाकला. दादीला ते पटले. नाव ठेवणाऱ्याचे नाव आपणच मिरवावे, हे तिच्या स्वभावात बसणारे होते. दहा दिवसांनी सिरीज पुन्हा सुरू झाली आणि ओकलंडने ती चार-शून्य जिंकली, हेही त्या पत्रात होते, पण तेवढा भाग वाचायला गावी कोणाला वेळ नव्हता.

जुन्या खेळाडूंत आमच्या बैठकीचा एकच राजा, रिकी हेंडरसन. ओकलंडमध्ये वाढला, तिथल्याच शाळेत शिकला आणि तिथल्याच संघाकडून चार वेगवेगळ्या वेळा खेळला. त्याची करामत वाचकांना अशी सांगता येईल. क्रिकेटमध्ये बिनटोल्याच्या फलंदाजाने गोलंदाज चेंडू टाकत असताना धाव चोरावी, तसे बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकत असताना धावपटू पुढचा बेस गाठतो. याला बेस 'चोरणे' म्हणतात. यष्टिरक्षकासारखा मागे बसलेला कॅचर चेंडू झेलून तिकडे फेकतो, आणि तो पोहोचण्याआधी हा घसरत बेसला हात लावतो. रिकीने १९८२ च्या एकाच मोसमात १३० बेस चोरले आणि कारकिर्दीत १,४०६. आधीचा विक्रम ९३८ चा होता. पाठीवर २४ आकडा, पवित्रा असा खाली वाकलेला की पिचरला चेंडू टाकायला जागाच दिसू नये. आमच्यातला धाकटा एकदा रविवारच्या मकतबमध्ये 'मला चोरी आवडते' असे म्हणाला होता. मौलवीसाहेबांना समजावायला चाचांना स्वतः जावे लागले. परत आले ते मौलवीसाहेबांना पुढच्या सामन्याचे आमंत्रण देऊनच.

रिकी २० डिसेंबर २०२४ रोजी गेला. सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. त्या शुक्रवारी आणि पुढच्याही शुक्रवारी आमच्याकडे दुसरा विषय झाला नाही. चाचा तेव्हा खाटेवर होते. "आमच्यातला वेगवान आधी पोहोचला," एवढेच ते म्हणाले.

त्याआधी तीन महिने ओकलंडमधून संघच गेला होता. हा संघ फिरस्ता खरा : १९५४ पर्यंत फिलाडेल्फिया, मग कॅन्सस सिटी, आणि १९६८ पासून ओकलंड. नव्या मैदानाच्या बोलण्यांतून काही निष्पन्न झाले नाही आणि लास वेगासला जायचे ठरले. तिथले मैदान २०२८ साठी बांधले जात आहे, तोवर मुक्काम सॅक्रामेंटोजवळ. दोष कोणाचा, यावर शहरात जितकी तोंडे तितकी मते आहेत आणि आमच्या बैठकीतही आहेत. ती इथे मांडून वाचकांचा वेळ घेत नाही. बास्केटबॉलचा संघ २०१९ मध्ये खाडीपलीकडे गेला, फुटबॉलचा २०२० मध्ये लास वेगासला आणि आता हा. शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी झाला. ४६,८८९ माणसे आली होती. चाचांना आम्ही चाकाच्या खुर्चीवरून नेले, अंगात तोच सदरा. ओकलंडने टेक्ससला ३-२ ने हरवले. सामना संपला तरी लोक उठेनात. मैदानाच्या मातीची मूठभर आठवण बरोबर घेऊन लोक घरी गेले. चाचा बोटीवरची नोकरी केलेला माणूस. बंदर सोडताना मागे बघत बसू नये, असे ते नेहमी सांगत. त्या दिवशी मात्र त्यांनीच अर्धा तास थांबा म्हटले.

जानेवारीत चाचांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

मय्यतीचे कपडे गरजूंना द्यावेत, ही आमच्या घरची रीत. चाचींनी इद्दतीच्या दिवसांतच गाठोडी बांधायला सांगितली. सदरा हाती आला तेव्हा सगळे गप्प झाले. थोरले म्हणाले, काच लावून भिंतीवर लावू या. ते त्या संघाचे नाव घेत नाहीत, पण सदऱ्यावर ओकलंड लिहिले आहे ना! धाकटे म्हणाले, संघ गेला, माणूस गेला, आता सदराही कोणाच्या तरी अंगाला लागू दे. नातवाला तो हवा होता. फुफूंनी आठवण दिली की सुईसुद्धा तरक्यात येते. सर्व वारसांच्या रजामंदीशिवाय कोणी काही उचलायचे नाही. मग शिकागोला चाचांच्या मुलीला फोन लागला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बांनी तो कधी जपून ठेवला नव्हता. घातला होता. ज्याला सामन्याला जायचे असेल त्याने घालून जावा आणि धुऊन परत आणावा." चाचींनी मान हलवली आणि गोष्ट ठरली. त्या रात्री आम्हाला कळले, की आम्ही सदऱ्याविषयी बोलत नव्हतो. या घरात शुक्रवारी जमायचे कारण उरले आहे का, एवढाच प्रश्न होता.

२१ फेब्रुवारीला बातमी आली, की यांकीजनी जवळपास पन्नास वर्षांचा आपला दाढीबंदीचा नियम सैल केला, नीट राखलेल्या दाढीला परवानगी दिली. ही बातमी चाचांना सांगायची राहिली. कॅटफिशची गोष्ट सांगून झाली की ते नेहमी म्हणायचे, "पैसे कितीही देऊ देत, दाढी काढायला लावणाऱ्याकडे आपण गेलो नसतो."

त्या वर्षी सॅक्रामेंटोचा पहिला सामना ३१ मार्चला आला, आमच्या ईदच्या दुसऱ्या दिवशी. थोरले घरीच राहिले. नातू, धाकटे आणि शेजारचे चाचा गेले. नातवाच्या अंगात हिरवा सदरा. मैदान लहान, चौदा हजारांच्या आसपास माणसे मावतील एवढे. संघाच्या नावात आता गाव नाही, नुसते 'अ‍ॅथलेटिक्स'. त्या रात्री रिकीच्या स्मरणार्थ संघातल्या प्रत्येकाने २४ आकडा घातला होता. शिकागोच्या संघाने १८-३ असा फडशा पाडला. नातू परतला तो सांगत, की येताना-जाताना अनोळखी माणसांनी छातीवरचे नाव वाचून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

उन्हाळ्यात थोरल्यांनी सदरा मागितला. पश्चिम ओकलंडमध्ये रायमोंडी पार्क या लहानशा मैदानावर 'बॉलर्स' नावाचा नवा संघ २०२४ पासून खेळतो. मोठ्या लीगचा नव्हे, स्वतंत्र पायोनियर लीगचा. थोरले तिथे जाऊ लागले. २०२५ मध्ये या बॉलर्सनी आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. तिकडे नातवाचा लाडका निक कर्ट्झ हा नवखा पोरगा २५ जुलैला ह्यूस्टनविरुद्ध एकाच सामन्यात चार होम रन मारून गेला आणि नोव्हेंबरात एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. थोरल्यांनी ती बातमी ऐकली, चहाचा घोट घेतला आणि विचारले, "चेंडू किती लांब गेले?" गेल्या वर्षभरात त्या संघाविषयी त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला प्रश्न.

यंदाच्या हिवाळ्यात सदऱ्याचा कोपर उसवला. फुफूंनी शिवला, पण हिरव्या धाग्याची छटा जुळली नाही. पोरांनी कुरकुर केली, की आता तो 'अस्सल' राहिला नाही. फुफू म्हणाल्या, "अंगात घालायचे कापड आहे, दाखल्याचा कागद नाही." शेजारच्या चाचांनी या वेळी भाषांतराची वाट न बघता टाळी दिली.

यंदा रमजान फेब्रुवारीतच येत आहे, संघांची तयारी शिबिरेही त्याच महिन्यात. ईद झाली की थोड्याच दिवसांत पहिला सामना. चाचींच्या फ्रिजवर सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक लागले आहे, त्याच्या खाली सॅक्रामेंटोचे आणि त्याच्या खाली रायमोंडी पार्कचे. तिन्ही पानांवर थोरल्यांच्याच अक्षरात खुणा आहेत. सदरा कोणत्या तारखेला कोणाकडे, याची चौथी यादी करायची आहे. येत्या शुक्रवारी बसू, इन्शाअल्लाह.